शेवंताक्काचे चांगले दिवस

शेवंताक्काच्या उजव्या हाताची पाच बोटं म्हणजे तिचं सासर होतं. आंगठा म्हणजे मामंजी, त्याच्या शेजारचं बोट सासूबाई, मधलं लांब ते थोरले दीर, त्यांना टेकून उभी ती जाऊ, आणि करंगळी नणंद. डाव्या हाताच्या बोटांना नावं नव्हती. "त्यो हात माहेरचा," ती म्हणायची. "माहेरचं मानूस दुखलं तरी चारचौघात नाव घेऊ नये."

सकाळी तिच्या अंगणावरून जाताना आतून भांडण ऐकू यायचं. "सासूबाई, जरा वाका की! फुकणी धरायची हाय, कुणाच्या पाया पडाय सांगत न्हाई." जरा वेळानं, "मामंजी तर कालपास्नं रुसून बसल्यात." नवखा माणूस थबकायचा. या बाईचं सासर एवढं मोठं, आणि उलट बोलणारं त्यात एकही नाही! खरे सासू-सासरे केव्हाच वर गेले होते. ते होते तेव्हा त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. ती आता तिनं करून घेतली होती.

तिला सांध्यांचा वात होता. पेरं हळकुंडासारखी सुजलेली, मनगटं गरम, आणि सकाळी तर ती अशी आखडलेली असे की जोत्यावरून अंगणात उतरायला तिला गाडी येऊन जाण्याएवढा वेळ लागे. "माझा दिवस दुपारी उगवतोय, मास्तर," म्हणायची. "तवर मी लाकूड. कुणी मोळीत बांधून नेलं न्हाई म्हंजे मिळवलं."

वाडी सोडल्यापासून मी तिच्याबद्दल कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. न बोलणं हा माझा स्वभाव, आणि लोक त्याला सभ्यपणा समजत आले. तो सभ्यपणा शेवंताक्काला केवढ्याला पडला, ते आता चाळिशी ओलांडल्यावर तरी सांगून टाकावं म्हणतो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी कॅसलरॉकच्या अलीकडच्या एका वाडीवर एकशिक्षकी मराठी शाळेत गेलो. बिऱ्हाड खानापुरात, मी शाळेच्या मागच्या खोलीत. वाडीचा गावकार म्हणजे तिथला पुढारी. त्यानं माझ्या जेवणाची सोय शाळेला लागूनच घर असलेल्या शेवंताक्काकडे लावून दिली. तिचा नवरा रामा रेल्वेत गँगमन होता. तो रुळावर हातोडी मारून आवाज ऐकायचा आणि मगच पुढे सरकायचा. घरातही त्याची रीत तीच. काही विचारलं की तो आधी थांबायचा, आतल्या आत कुठेतरी ठोकून बघायचा, आणि मग एखादा शब्द सोडायचा. आक्का तेवढ्या वेळात त्याच्या वाटणीचंही बोलून घ्यायची.

आणि ही हात आखडलेली बाई पंचक्रोशीतली सुईण होती.

हे कसं, ते मला पहिल्याच श्रावणात कळलं. एका सकाळी घरातून भांडणाचा आवाज आला नाही. मी काळजीनं डोकावलो, तर आक्का छपरावर. गळणाऱ्या जागी गवताच्या पेंढ्या खोचत होती, तोंडात सुतळी, आणि दोन्ही हात असे चालत होते की बघत राहावं.

"आक्का, हात?"

"सुटले."

"ते कसे?"

तिनं वरून माझ्याकडे, शहरगावचं येडं बघावं तसं बघितलं. "दिवस गेल्यात, मास्तर."

माझं नवीन लग्न झालेलं. मी जमिनीकडे बघायला लागलो.

"लाजतासा काय? लोकांचे दिवस जातात ते जातात. माझे दिवस गेले की चांगले दिवस येतात."

आणि ते अक्षरशः खरं होतं. तिला दिवस राहिले की दोन-तीन महिन्यांत सूज उतरायची, पाचव्यात ती सुईत दोरा ओवायची, आणि सातव्या-आठव्यात, स्वतःचं पोट पुढे घेऊन, दुसऱ्यांची बाळंतपणं करत डोंगर चढायची. मग स्वतःची सुटका झाली की महिना-दोन महिने बरे जायचे, आणि एके सकाळी पुन्हा आतून आवाज यायचा, "सासूबाई, आलासा काय परत?"

तिचा याबद्दल एक सिद्धांत होता. "पोर जन्माला येतंय ते मुठी झाकून येतंय का न्हाई? त्या मुठी माझ्याकडं सोडतंय आणि माझे सुटलेले हात घेऊन जातंय. अदलाबदल हाय ही." दुसरा सिद्धांत असा, की पोटात मुलगी असली तर करंगळीसकट सगळं सासर वळतं आणि मुलगा असला तर थोरले दीर थोडे ताठ राहतात. त्यावरून ती काय होणार ते आधीच सांगायची आणि दर खेपेला चुकायची. चूक मात्र कबूल नाही. "पोरगा हाय खरा, पर सभाव बघा त्येचा. पोरीचाच."

तिच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यामुळे एक पोर चिकटलेलं होतं. अंगणाची पाळ थोरल्या तुकारामाची. भात कांडायचं उखळ रोवलं ते गंगीचं. भागीच्या वेळी घराची मागची भिंत उभी राहिली. मी शाळेत "हे घर कोणी बांधलं?" असं वाक्य फळ्यावर लिहिलं, तर भागीनं उभं राहून सांगितलं, "मी. आईच्या पोटात हुतो तवा."

हात बंद असतानाही ती अडलेल्या बाईला नाही म्हणत नसे. उंबऱ्यावर बसून ती तोंडी बाळंतपण करायची. आत दुसऱ्या कुणाचे तरी हात, बाहेरून आक्काचा हुकूम. "दाब म्हटल्यावर दाबायचं, कुरवाळतीयास काय? जावयाची पाठ हाय व्हय ती?" वाडीत म्हणत, आतलं पोर आक्काच्या शिव्या ऐकून भ्यानंच बाहेर येतं.

पण तोंडाचा भरवसा वेगळा आणि हातांचा वेगळा. एका वर्षी वाडीत तीन सुना एकदमच चैत्र-वैशाखाच्या सुमाराला बाळंत होणार होत्या, त्यातली एक गावकाराची, आणि आक्काचे हात बंद. शाळा सुटल्यावर गावकार रामाला घेऊन माझ्या पडवीत येऊन बसला. मला उठता येईना.

"रामा, गावाची अडचण हाय."

रामा थांबला. "काय ती?"

"आक्काचे हात बंद हाईत."

"हाईत."

"चैतापर्यंत सुटाय पायजेत."

रामानं बराच वेळ आत कुठेतरी ठोकून बघितलं. मग म्हणाला, "गावकार, मी रेल्वेचा मानूस. ह्या कामाला रजा मिळतीया काय, सायबाला इचारून सांगतो."

कुडापलीकडून आक्काचा आवाज आला. "गावकार! पोट माझं, हात माझे, आणि बोलणी कुणासंगं करायलायसा? तुमच्या घरवालीचे हात धड हाईत न्हवं? बसवा तिला सुईण म्हणून!"

गावकार चप्पल शोधत निघाला. मात्र एवढं नमूद केलं पाहिजे की त्याच साली आक्काला सातवं राहिलं. तो यल्लू. गावकार शेवटपर्यंत यल्लूकडे स्वतःचं एक सार्वजनिक काम पुरं झाल्यासारखं बघायचा.

यल्लू शेवटचा. पुढे आक्काचं वय झालं, आणि एका पावसाळ्यात रामा तापानं गेला. सुतक फिटल्यावर पहिल्याच दिवशी ती मला वाढत होती, म्हणजे भागी वाढत होती आणि ती सांगत होती. मध्येच म्हणाली, "मास्तर, बोलत न्हवता, पर ऐकत हुता ओ." एवढंच. त्यावर मी काही म्हणायला हवं होतं. मी ताक मागितलं.

त्यानंतर हात कधी सुटलेच नाहीत. मुलगे दांडेलीला लाकडाच्या कामावर गेले, यल्लूला शिकायला सोबत घेऊन गेले. मुली सासरी गेल्या. उरली भागी. ती आईचा अंबाडा बांधायची, लुगडं नेसवायची, शेवटी शेवटी घासही भरवायची. आणि भागीचंही लग्न ठरलं. मुलगा बेळगावचा, चांगला. आक्कानं होकार दिला आणि त्या दिवशी माझ्यासमोर जेवली नाही.

"भागी गेल्यावर घास कोन घालंल, मास्तर? म्हस सुद्धा पाटीत तोंड घालून खाती. मला तेवढं बी जमायचं न्हाई. माझ्यापायी पोरीचं लगीन मोडू काय?"

माझ्या आत्तेभावाच्या ओळखीचे एक डॉक्टर बेळगावात होते. मी आक्काला आणि भागीला गाडीत घालून घेऊन गेलो. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव धाडस; तेही मी वाडीत 'बाजाराला जातो' असं सांगून केलं.

डॉक्टरांनी तिची बोटं एकेक करून तपासली. आक्का ओळख करून देत होती. "ह्या सासूबाई. जरा जपून, चावत्यात." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाई, गरोदरपणात तुम्हाला बरं वाटायचं का?"

आक्काचं तोंड उघडं राहिलं. ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही सांगितलासा?"

"मी कशाला सांगू?"

"मग ह्यांस्नी कसं कळलं? बाईमानसाचं?"

डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारख्या पुष्कळ बायकांचं असं होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीरात बाहेरच्या रोगांशी लढायला एक पहारा असतो. काही माणसांत तो पहारा बिघडतो. घरच्यांनाच चोर समजून झोडपायला लागतो. तुमच्या सांध्यांचं तेच झालंय.

"म्हंजे सासरच की," आक्का म्हणाली.

डॉक्टर आता हसले. शरीरात काही गाठी असतात, त्या रस सोडतात, त्यांना हार्मोन म्हणतात. पोटात बाळ असलं की या रसांचं प्रमाण पार बदलतं, आणि पहारा ढिला पडतो, बहुधा बाळाला इजा होऊ नये म्हणून. सगळं अजून कुणालाच नीट उलगडलेलं नाही. पण त्यातल्याच एका रसासारखी गोळी आता करता येते. ती घेतली की हात सुटतील.

"पोटात पाव्हणा आला की घरातली भांडणं गप बसत्यात, तसं," आक्का म्हणाली. मग थोडा वेळ तिनं हिशेब केला. "पोर न्हाई, न्हवरा न्हाई, आणि नुसत्या गोळीनं हात सुटणार?"

"सुटतील."

"मग सात बाळंतपणं फुकटच केलो म्हणा की. धनी बिचारा उगंच राबला."

भागीनं पदर तोंडात कोंबला. मी खिडकीतून रस्ता बघत होतो.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. गोळीनं चेहरा गोल होईल, पोट सुटेल, भूक वाढेल, पुढे हाडंही ठिसूळ होतील. म्हणून प्रमाण कमीत कमी ठेवायचं. आणि दुसरं म्हणजे गोळी एकदम बंद करायची नाही. बाहेरून रस मिळाला की शरीर आपला रस करायचं विसरतं. एकदम थांबवलं तर जीवावर बेतेल. दर महिन्याला खानापूरला येता तेव्हा बेळगावहून घेऊन जात जा.

परतीच्या गाडीत मी आक्काला म्हणालो, "गोळ्यांचं कुणाला बोलू नका."

"का ओ?"

का, तर मी भित्रा होतो. मास्तर शाळा सोडून औषधं वाटत फिरतो, असा अर्ज कुणी वर केला तर नोकरीला धक्का लागेल, असं मला वाटलं. तिला मी एवढंच म्हणालो, "माझ्यासाठी."

"बरं," आक्का म्हणाली. "माझा शब्द."

गोळ्यांनी आठवड्यातच काम केलं. भागीच्या लग्नात आक्कानं स्वतःच्या हातानं तिची वेणी घातली आणि रडायचं सोडून सगळ्यांना बोटं उघडझाप करून दाखवत सुटली. लग्नाच्या गर्दीत ते कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते नंतर, विहिरीवर.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. बंद पडलेली गाडी पुन्हा घाट उतरून गोव्यात जायला लागली होती. एका सकाळी आक्का विहिरीवर आली, आणि तिनं दोन्ही हातांनी दोर ओढत भरलेली कळशी वर काढली. बायका बघत राहिल्या.

"आक्का, हात सुटले?"

"सुटले गे!"

आणि बायकांच्या नजरा हातांवरून तिच्या पोटाकडे गेल्या. कारण आक्काचे हात कशानं सुटतात, हे वाडीतल्या लहान पोराला ठाऊक होतं. तिनंच चौदा-पंधरा वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. चेहरा बघावा तर चांदासारखा गोल, गालावर लाली. पोट बघावं तर पुढे. खाणं बघावं तर दोघांचं. आणि रामाला जाऊन दोन वर्षं झालेली.

असली चूक जगात दुसऱ्या कुठल्या गावानं केली नसती. या गावाला मात्र दुसरा काही निष्कर्ष काढणं शक्यच नव्हतं.

आधी लोकांनी वयाचा विचार केला, मग तो सोडून दिला. गावकाराच्या म्हाताऱ्या आईनं मत दिलं की रामाचा जीव घुटमळतोय. गेल्यावर बी तो ड्यूटी करतोय. हे मत बरेच दिवस टिकलं, कारण ते कुणालाच दुखवत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, भूत कशाला, जेवायला दोन वेळेला जिता माणूस येतोय की. तिथून सगळ्यांच्या माना शाळेकडे वळल्या.

आक्काला हे कळायला किती वेळ लागणार? एका संध्याकाळी एका पोरसवदा सुनेनं विचारलं, "आक्का, कितवा?"

"पयला," आक्का म्हणाली. "मोजाय येतंय न्हवं? बसा मोजत."

ते खरोखरच मोजत बसले. नऊ महिने झाले, दहा झाले, बारा झाले. आक्का आहे तशीच गोल. तेव्हा जंगलखात्यात काम करणारा एकजण कुळगीकडून बातमी घेऊन आला की लाकडं ओढणारी हत्तीण जवळजवळ दोन वर्षं गाभण राहते. वाडीनं सुस्कारा सोडला. मुदत वाढवून मिळाली होती.

हसू येतं ना? तिलाही यायचं. पण वाडीतलं हळदीकुंकू सोडा, ते विधवेला नव्हतंच. तिला आता बारशालाही बोलवत नव्हते, जी बारशी तिच्याच हातांवर जन्मलेल्या पोरांची होती. पाणी भरायला ती गेली की बायका कळशा उचलायच्या. आणि तिच्या तोंडाशी एकच वाक्य होतं, "मी बेळगावची गोळी खातो." तेवढं बोलली असती तर सुटली असती. ते वाक्य तिनं मला देऊन टाकलं होतं.

गावकार एकदा माझ्याकडे आला. रामनगरचा बाजार, भाताचा भाव, रानडुकरं, सगळं झालं. मग म्हणाला, "मास्तर, एका जागी लई वर्षं झाली न्हवं तुम्हाला?"

आता तरी बोलायचं. मी म्हणालो, "हो. पाऊस यंदा लवकर दिसतो."

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीतच भात शिजवायला लागलो. आक्काला निरोप पाठवला, पोट बरं नसतं. आणि त्या महिन्यात बेळगावहून गोळ्या आणल्या, पण तिच्याकडे जायचा धीर झाला नाही. भर दिवसा तिच्या उंबऱ्यावर पुडी घेऊन उभं राहायचं म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहायचं. ती पडवीपर्यंत आली, तेव्हा मी सांगितलं, "बेळगावात गोळ्या संपल्यात." गोळ्या माझ्या ट्रंकेत होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. "संपल्या?" म्हणाली. "तुमचं बोलणं संपलंय तशा?"

चार-पाच दिवसांत हात मिटले, पूर्वीपेक्षा वाईट. मग उलट्या, मग ताप, मग उठवेना. वाडी काय समजली असेल ते सांगायला नको. बायका खिडकीतून डोकावून गेल्या, 'आता हुतंय' म्हणाल्या. पाणी कुणी पाजलं नाही. मी सकाळी शाळेला सुट्टी दिली, ट्रंक उघडली आणि सगळ्या वाडीदेखत धावत गेलो. आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोळी मी तिच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं.

"आल्या काय?" तिनं विचारलं.

"आल्या," मी म्हणालो.

"बेळगाव लई लांब गेलंय, मास्तर, हल्ली," ती म्हणाली आणि डोळे मिटले. यापुढे त्या विषयावर ती कधीही एक अक्षर बोलली नाही. त्यापेक्षा तिनं मला सासूबाई म्हणून हाक मारली असती तर बरं झालं असतं.

ती उठली. हात पुन्हा सुटले. त्याच पंधरवड्यात गावकाराची धाकटी सून अडली. पोर आडवं. गाडी यायला वेळ. गावकार स्वतः आक्काच्या अंगणात येऊन उभा राहिला, टोपी हातात.

"आक्का, चला."

"मी? वंगाळ बाई?"

गावकार घाम पुसत म्हणाला, "बाई वंगाळ असंल, आक्का, पर हात चांगले हाईत."

मी शाळेच्या दारात होतो. मला वाटलं, आता ती याला अंगणातून हाकलून देईल. आक्का खदाखदा हसली. "खरं बोललासा बगा एकदा तरी!" म्हणाली, पदर खोचला आणि त्याच्या पुढे चालू लागली. दुपारी पोर रडलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. संध्याकाळी गावकाराच्या घरून तिला तांदूळ-नारळ आला. तो आणणाऱ्या पोरीला दारातूनच परत यायला सांगितलं होतं.

मी बदलीसाठी अर्ज केला. झाली.

निघण्याआधी एवढं मात्र केलं, भागीच्या नवऱ्याला डॉक्टरांकडे नेऊन ओळख करून दिली. गोळ्या आता जावई आणणार होता. निघायच्या दिवशी कॅसलरॉकच्या फलाटावर अख्खी वाडी आली. गावकारानं झेंडूचा हार आणला होता. मी जातोय याचा त्याला एवढा आनंद झाला होता की निरोपाचं भाषण त्यानं दोनदा केलं. आक्का सगळ्यांपासून थोडी बाजूला, बाकाजवळ उभी होती. तिच्या आसपास जागा मोकळी होती, कुणीतरी आखून ठेवल्यासारखी.

गार्डनं शिट्टी दिली. माझा एक पाय पायरीवर, एक फलाटावर. ती मोकळी जागा मला दिसली आणि माझ्या तोंडून आवाज बाहेर आला, वर्गात यावा तसा मोठा.

"ऐका! आक्काला काही नव्हतं. ती औषधाची गोळी आहे. मी आणून देत होतो. गोळीनं हात सुटतात, तोंड सुजतं, पोट सुटतं. कुणाला सांगू नको म्हणून मीच तिला शपथ घातली होती."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. गावकारानं माझ्या खांद्यावर समजूतदारपणे हात ठेवला.

"जाऊ दे, मास्तर. आता जातासाच न्हवं, मग कशाला उगंच? गोळीनं कुटं असं हुतंय? आमी काय ल्हान हाय?"

"खरं सांगतो, गावकार!"

"असंल, असंल." त्यानं आवाज खाली आणला. "पर मास्तर, ती गोळी गुडघ्याला चालती काय? माझा डावा लई धरतोय."

"माझ्या आईच्या कंबरेला?" मागून कुणीतरी.

"खांद्याला ओ, खांद्याला?"

पुढच्याच क्षणी सगळे वळले आणि बाकाकडे धावले. ज्या जागेत वर्षभर कुणी पाऊल टाकलं नव्हतं, तिथे गुडघे, कंबरा आणि खांदे यांची गर्दी झाली. आक्का त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होती.

"बोललासा?" तिनं ओरडून विचारलं. "एवढी घाई कशाला केलासा, मास्तर?"

गाडी हलली. मी पायरीवर चढलो आणि दांडा धरून बाहेर वाकलो. गर्दीच्या मधोमध ती उभी होती. लोक तिचा पदर ओढत होते, आपापले सांधे दाखवत होते. त्या ओढाताणीत तिचा अंबाडा सुटला. तिनं सगळ्यांना कोपरानं मागे सारलं, दोन्ही हात डोक्याच्या मागे नेले, केस गोळा केले, पिळा घातला आणि सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा, स्वतःचा अंबाडा स्वतः बांधला.